नॅस वारंवार नेटवर्कवरून गायब होतोय? रीस्टार्ट करण्याआधी हे तपासा

लक्षण बहुतेक घरांत सारखंच असतं. नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली साठवून नेटवर्कवरून देणारा डिस्कचा डबा, काही दिवस सुरळीत चालतो. मग अचानक संगणकातल्या नेटवर्क ड्राइव्हवर लाल फुली येते, फोनमधल्या फोटोंचा बॅकअप अडकून बसतो, टीव्हीला व्हिडिओंचा फोल्डर सापडत नाही. नॅस बंद करून चालू केला की सगळं पूर्ववत होतं. काही दिवस जातात आणि पुन्हा तेच.

हा प्रश्न महिनोन्‌महिने सुटत नाही, कारण रीस्टार्टने तो तात्पुरता सुटतो. चालू होताना नॅस एकाच वेळी पाच-सहा गोष्टी नव्याने करतो: राउटरकडून आपला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) मागतो, नेटवर्कवर आपलं नाव जाहीर करतो, केबलच्या दुसऱ्या टोकाशी वेग ठरवतो, अडकलेली लॉगिन सत्रं सोडून देतो, झोपलेल्या डिस्क फिरवतो. यातली नेमकी कुठली गोष्ट बिघडली होती, हे त्या क्षणी पुसलं जातं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: पुढच्या वेळी नॅस गायब होईल तेव्हा बटणाला हात लावण्याआधी दहा मिनिटं द्या. कारण सापडण्याची संधी त्या बिघडलेल्या अवस्थेतच असते.

डिस्कला हात लावू नका

नॅस दिसेनासा झाला की पहिली भीती डिस्क गेल्याची वाटते. ते साहजिक आहे, आत घरातल्या सगळ्यांचे वर्षानुवर्षांचे फोटो असतात. पण नॅस नेटवर्कवर न दिसणं आणि डिस्क खराब होणं या बहुतेक वेळा वेगवेगळ्या गोष्टी असतात, आणि खरं नुकसान घाबरून केलेल्या उपायांनी होतं.

डिस्क बाहेर काढून थेट विंडोजच्या संगणकाला जोडणं हा त्यातला सगळ्यात धोक्याचा प्रकार. बहुतेक घरगुती नॅस लिनक्सवर चालतात आणि त्यांच्या डिस्कवर एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस अशी फाइल सिस्टीम असते. विंडोजला ती वाचता येत नाही, त्यामुळे तो डिस्क इनिशियलाइज किंवा फॉरमॅट करायची का असं विचारतो. तोपर्यंत डिस्क धडधाकट असते. इथे 'हो' म्हणू नका. तसंच नॅस शोधणाऱ्या अ‍ॅपने नवीन सेटअप सुरू करायला सुचवलं तर थांबा. मागच्या रीसेटच्या छिद्रात टाचणी घालण्याआधी तुमच्या मॉडेलची पुस्तिका वाचा. काही नॅसमध्ये थोडा वेळ दाबलं तर फक्त अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि नेटवर्कची सेटिंग्ज मूळ स्थितीला जातात, जास्त वेळ किंवा दुसऱ्यांदा दाबलं तर सिस्टीम नव्याने बसवायची वेळ येते.

गायब असतानाच पाहायच्या गोष्टी

आधी नॅससमोर जा. चालू असल्याचा दिवा लागलाय का, आणि मागे केबल जिथे शिरते तिथला छोटा दिवा लुकलुकतोय का? हा दुसरा दिवा महत्त्वाचा. तो पूर्ण विझलेला असेल तर पत्ता, नाव, पासवर्ड या सगळ्याच्या आधीच गाडी थांबलेली आहे. केबल, पोर्ट, वीज किंवा झोप यांपैकी काहीतरी आहे.

मग ब्राउझरमध्ये राउटरचं सेटिंगचं पान उघडून जोडलेल्या उपकरणांची यादी पाहा. नॅस त्यात आहे का आणि असल्यास कुठल्या आयपी पत्त्यावर, ते लिहून घ्या. त्या पत्त्याला संगणकावरून पिंग करा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये ping आणि पुढे तो पत्ता टाकून नॅस उत्तर देतो का पाहा. इथे एक फसवी गोष्ट आहे. विंडोजमध्ये पिंगला कधीकधी 'रिप्लाय' असा शब्द असलेली ओळ येते, पण पुढे 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' लिहिलेलं असतं आणि पत्ता तुमच्याच संगणकाचा असतो. तो नॅसचा प्रतिसाद नव्हे. खऱ्या प्रतिसादात नॅसचा पत्ता आणि किती मिलिसेकंद लागले ते येतं.

पिंग लागलं तर ब्राउझरमध्ये पत्ता टाकून नॅसचं व्यवस्थापनाचं पान उघडा. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये मूळ पोर्ट (पत्त्यापुढे ':' देऊन लिहायचा क्रमांक) ५००० असतो, क्यूनॅप कंपनीच्या नॅसमध्ये ८०८०. शेवटी हेच सगळं दुसऱ्या एखाद्या उपकरणावरून करून पाहा. एकालाच दिसत नसेल तर दोष नॅसमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

एवढ्यावर रस्ता बराच स्पष्ट होतो. पिंगच लागत नसेल आणि राउटरच्या यादीतही नॅस नसेल तर केबल, वीज आणि झोप पाहा. यादीत आहे पण पत्ता वेगळाच आहे, तर पत्त्याचा प्रश्न. पत्त्याने पान उघडतं पण नावाने फोल्डर उघडत नाही, तर नावाचा. पासवर्ड मागतोय किंवा नाकारतोय, तर लॉगिनचा. सगळं उघडतं पण मध्येच गोठतं, तर डिस्क, झोप किंवा केबल.

पत्ता बदलतो किंवा दोघांना एकच मिळतो

वारंवार होणाऱ्या तक्रारींत मी सगळ्यात आधी इथेच पाहतो. राउटर प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी पत्ता देतो. मुदत निम्मी झाली की उपकरण नूतनीकरण मागतं आणि सहसा तोच पत्ता चालू राहतो. त्यामुळे कित्येक आठवडे काहीच बदलत नाही. पण वीज गेली किंवा राउटर अपडेट होऊन पुन्हा चालू झाला, तर काही घरगुती राउटर कोणाला काय दिलं होतं ते विसरतात. मग नॅसचा १९२.१६८.१.२० हा पत्ता एखाद्या फोनला जातो आणि नॅसला दुसरा मिळतो. तुमचा नेटवर्क ड्राइव्ह मात्र जुन्याच पत्त्यावर खटखट करत राहतो.

यावर बरेच जण नॅसमध्येच स्थिर पत्ता भरून ठेवतात. तो पत्ता राउटर ज्या टप्प्यातून पत्ते वाटतो त्याच टप्प्यातला असेल तर ही आधीपेक्षा वाईट अवस्था आहे. राउटरला या स्थिर पत्त्याची कल्पना नसते. एक दिवस तो तोच पत्ता दुसऱ्या कोणाला देतो आणि एकाच पत्त्यावर दोन उपकरणं बसतात. अशा वेळी नॅस पूर्ण बंद पडत नाही, अधूनमधून येतो-जातो. एका संगणकाला दिसतो, दुसऱ्याला नाही, आणि पाच मिनिटांनी उलट. ठरावीक पाहुणा घरी आला किंवा ठरावीक लॅपटॉप चालू झाला की नॅस जातो, असा अनुभव असेल तर जवळपास खात्रीने हेच.

ओळखायची चाचणी सोपी आहे. नॅसची नेटवर्क केबल काढा आणि संगणकावरून त्याच पत्त्याला पिंग करत राहा. केबल काढलेली असतानाही खरा प्रतिसाद येत असेल, तर त्या पत्त्यावर दुसरं कोणीतरी आहे.

यावर खरा उपाय नॅसमध्ये नाही, राउटरमध्ये करायचा. नॅसला पत्ता आपोआप घेण्यावर ठेवा आणि राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क पोर्टाचा कायमचा ओळख क्रमांक, अ‍ॅपलच्या मॅकशी त्याचा संबंध नाही) एक आयपी राखून ठेवा. या सोयीला राउटरमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' म्हणतात. नॅसला दोन नेटवर्क पोर्ट असतील तर प्रत्येकाचा मॅक पत्ता वेगळा असतो, हे विसरू नका. केबल एका पोर्टातून काढून दुसऱ्यात घातली की राखीव पत्ता लागू होत नाही. राउटरमध्ये राखीव ठेवायची सोयच नसेल तर वाटपाचा टप्पा, समजा, १०० ते २०० असा करा आणि नॅसला त्याबाहेरचा स्थिर पत्ता द्या.

याच मुद्द्याशी जोडलेला आणखी एक घोळ म्हणजे घरात दोन राउटर. इंटरनेट कंपनीने दिलेला एक, आणि त्याला जोडून आपण आणलेला दुसरा. दोघेही पत्ते वाटत असतील तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात, एक १९२.१६८.०, दुसरं १९२.१६८.१. नॅस एकात, आणि फोन ज्या वाय-फायला चिकटेल त्यावर तो दुसऱ्यात. फोन घरभर फिरताना कधी या वाय-फायवर, कधी त्या. म्हणून नॅस 'कधीकधी' दिसतो. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला, म्हणजे तो पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पुरवू लागला, की हे कायमचं संपतं. पाहुण्यांसाठीचं गेस्ट वाय-फायही असंच असतं. त्यावरून घरातली इतर उपकरणं दिसू नयेत हाच त्याचा हेतू आहे, त्यामुळे त्यावर असलेल्या फोनला नॅस न दिसणं हा बिघाड नाही.

पत्ता बरोबर आहे, पण नाव सापडत नाही

पत्त्याने फोल्डर उघडतो आणि एक्सप्लोररच्या नेटवर्क विभागात मात्र नॅस नाही, ही तक्रार बहुतेक विंडोजवाल्यांची असते. पूर्वी ही यादी एसएमबी १ या, नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याच्या जुन्या प्रोटोकॉलच्या आधाराने बनायची. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या खंडणीच्या सायबर हल्ल्याने एसएमबी १ मधल्या त्रुटीचाच फायदा घेतला होता. त्याच वर्षापासून विंडोज १० च्या पुढच्या आवृत्त्यांत तो प्रोटोकॉल मुळातच बंद होत गेला. आता ही यादी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाच्या पद्धतीने बनते. नॅसच्या फाइल सेवेच्या सेटिंगमध्ये ती चालू आहे का पाहा. संगणकावर 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' ही सेवा चालू हवी आणि नेटवर्क 'पब्लिक' ऐवजी 'प्रायव्हेट' म्हणून नोंदलेलं हवं. मॅक आणि आयफोन याच कामासाठी बॉनजूर ही पद्धत वापरतात, त्यासाठी नॅसमध्ये वेगळा पर्याय असतो.

या तक्रारीवर 'विंडोजमध्ये एसएमबी १ चालू करा' हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. कृपया तो पाळू नका. फक्त यादीत चिन्ह दिसावं म्हणून घरातल्या प्रत्येक संगणकाचं दार उघडं ठेवण्याची किंमत मोजू नये. तुमचा नॅस इतका जुना असेल की त्याला एसएमबी २ किंवा ३ येतच नाही, तर त्यावर एकमेव प्रत असलेलं काहीही ठेवू नका.

रीस्टार्टनंतर काही मिनिटं नाव दिसतं आणि मग नाहीसं होतं, पण पत्त्याने नॅस ठणठणीत चालू असतो, हा प्रकार असेल तर नेटवर्क स्विच (एका जोडणीतून अनेक केबल काढणारा डबा) किंवा मेश वाय-फायमधलं 'आयजीएमपी स्नूपिंग' तपासा. नाव जाहीर करण्याचे संदेश एकाच वेळी अनेकांना पाठवले जातात. हे सेटिंग असे संदेश कोणाला हवेत याची यादी ठेवतं आणि बाकीच्यांकडे जाऊ देत नाही. ती यादी ताजी ठेवण्यासाठी नेटवर्कमध्ये कोणीतरी सतत विचारणा करावी लागते. विचारणारा कोणी नसेल तर काही मिनिटांत नोंद शिळी होते आणि संदेश पोहोचायचे थांबतात. घरगुती नेटवर्कमध्ये हे सेटिंग बंद करून पाहायला हरकत नाही.

खरं तर मी यादीवर विसंबूच नका असं सांगेन. पत्ता राखून ठेवलाय ना? मग नेटवर्क ड्राइव्ह थेट \\१९२.१६८.१.२० अशा पत्त्याने जोडा. नावाचा सगळा भाग बाजूला पडतो.

दिसतो, पण आत घेत नाही

इथे कारणं वेगळी आणि गमतीदार वाटावी इतकी गुंतलेली असतात, म्हणून जरा थांबून पाहू.

नॅसचा पासवर्ड बदललात आणि त्यानंतर ठरावीक एकच संगणक वारंवार तुटतोय, असं असेल तर बहुधा नॅसने त्याला स्वतःहून अडवलंय. जुना पासवर्ड संगणकात साठवलेला असतो. तो मागच्या मागे पुन्हा पुन्हा जोडायचा प्रयत्न करतो, आणि काही मिनिटांत ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड आला की नॅस त्या आयपी पत्त्यालाच बंदी घालतो. मग पासवर्ड बरोबर टाकला तरी उपयोग नाही. कधीकधी व्यवस्थापनाचं पानही उघडत नाही, त्यामुळे नॅसच बंद पडलाय असं वाटतं. फोनवर मोबाइल डेटा बंद करून त्याच वाय-फायवरून तेच पान उघडलं की फरक कळतो. पुढचा घोळ असा की बंदी पत्त्यावर असते. काही दिवसांनी राउटरने तो पत्ता दुसऱ्या लॅपटॉपला दिला, तर ज्याने काहीच केलं नाही तो अडकतो आणि आधीचा सुटतो. नॅसच्या सुरक्षा विभागात अडवलेल्या पत्त्यांची यादी असते. तिथून पत्ता काढा, पण त्याआधी संगणकातल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोज साठवलेले पासवर्ड ठेवतो ती जागा) नॅसच्या सगळ्या जुन्या नोंदी पुसा. नाहीतर दहा मिनिटांत पुन्हा बंदी.

विंडोजचा १२१९ क्रमांकाचा एरर दिसला, तर एकाच संगणकावरून एकाच नॅसला दोन वेगळ्या खात्यांनी जोडायचा प्रयत्न होतोय. एक ड्राइव्ह तुमच्या नावाने, दुसरा सगळ्यांच्या समाईक खात्याने. विंडोज हे चालू देत नाही. जो आधी जोडला जाईल तो टिकतो, आणि हा क्रम रोज बदलू शकतो, म्हणून ही तक्रारही लहरी वाटते. सगळे ड्राइव्ह एकाच खात्याने जोडा आणि परवानग्या नॅसवर त्या खात्याला द्या.

विंडोज ११ ची २४एच२ ही २०२४ मधली आवृत्ती आल्यावर अनेकांचे जुने नॅस एका रात्रीत उघडेनासे झाले. प्रो आवृत्तीत दोन गोष्टी बदलल्या: एसएमबी जोडणीवर डिजिटल सही सक्तीची झाली आणि पासवर्डाशिवाय गेस्ट म्हणून आत शिरणं बंद झालं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदीत) बदल करून दोन्ही परत ढिलं करता येतं आणि तसे उपाय सगळीकडे सापडतात. पण दहा मिनिटांचं योग्य काम म्हणजे नॅसवर प्रत्येकासाठी पासवर्ड असलेलं खातं उघडणं, गेस्ट बंद करणं, आणि नॅसची सिस्टीम अपडेट करणं.

मॅकवर मॅकओएस १५ पासून, आणि आयफोनवर आयओएस १४ पासून, प्रत्येक अ‍ॅपला स्थानिक नेटवर्क वापरायची परवानगी वेगळी द्यावी लागते. फाइंडरमध्ये नॅस दिसतो पण बॅकअपच्या अ‍ॅपला सापडत नाही, तर गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपसमोरचा खटका पाहा. कामाच्या लॅपटॉपवर नॅस फक्त कामाच्या वेळेत गायब होत असेल, तर कारण कार्यालयाचा व्हीपीएन (दूरच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित मार्ग). अनेक कार्यालयं व्हीपीएन चालू असताना घरच्या नेटवर्कला जाणारा मार्ग मुद्दाम बंद करतात. त्याला घरून उपाय नाही.

केबल, झोप आणि वीज

केबलबद्दल एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरते. गिगाबिट जोडणीत मोठी फाइल कॉपी करताना सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो. तो ११-१२ वर अडकला असेल तर जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एक तार तुटली किंवा टोकाचा क्लिप ढिला झाला की उपकरणं मुकाट्याने खालच्या वेगावर येतात. आज वेग उतरलाय, उद्या जोडणी तुटेल. केबल बदला, राउटरचा पोर्टही बदलून पाहा. केबल नवी असूनही दिवा काही वेळ विझून पुन्हा लागत असेल, तर स्विच आणि संगणकाच्या नेटवर्क कार्डातलं 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' किंवा 'ग्रीन इथरनेट' बंद करून पाहा. रहदारी नसताना वीज वाचवणारी ही सोय काही जोड्यांमध्ये नीट जमत नाही. जम्बो फ्रेम (एका वेळी पाठवायच्या माहितीचा मोठा तुकडा) चालू केली असेल तर तीही मूळ १५०० बाइटवर आणा. वाटेतल्या प्रत्येक उपकरणाला ती येत नसेल, तर लहान फाइली जातात आणि मोठ्या अडकतात.

झोपेचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते. डिस्क थांबणं म्हणजे नॅस जागा, पण डिस्क फिरत नाहीत. पहिल्या क्लिकला डिस्क पुन्हा फिरून तयार व्हायला काही सेकंद लागतात, आणि अनेक नॅस विजेचा ताण टाळायला डिस्क एकामागून एक फिरवतात. चार डिस्कच्या नॅसमध्ये अर्धा मिनिट सहज जातो. तेवढ्यात एखादं अ‍ॅप हार मानतं आणि 'नॅस सापडला नाही' म्हणतं. दुसऱ्यांदा क्लिक केलं की सगळं उघडतं. दुसऱ्या प्रकारात सगळा नॅसच गाढ झोपतो आणि वेक-ऑन-लॅनचा संदेश आल्यावरच उठतो. वाय-फायवरच्या फोनकडून तो संदेश येईलच असं नाही. वारंवार गायब होण्याची तक्रार असेल तर हा दुसरा प्रकार सरळ बंद करा. पहिल्याची मुदत २० मिनिटांवरून दोन तासांवर न्या. दिवसभर मिनिटामिनिटाला थांबून पुन्हा फिरणाऱ्या डिस्कवर जास्त ताण येतो, असं माझं मत आहे. घरात सतत वापर असेल तर न थांबवलेलीच बरी.

संगणक झोपेतून उठल्यावरच लाल फुली दिसते आणि त्या ड्राइव्हवर क्लिक केलं की ती जाते, तर नॅस निर्दोष आहे. वाय-फाय जोडलं जाण्याआधीच विंडोजने ड्राइव्ह जोडायचा प्रयत्न केला, एवढंच.

विजेचा प्रश्न लॉगमध्ये, म्हणजे नॅसने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदीत, दिसतो. 'नीट बंद न होता पुन्हा चालू झाला' अशा अर्थाची नोंद आणि वेळ पाहा. त्या वेळी घरात वीज गेली नसेल तर अ‍ॅडॉप्टरवर संशय घ्या. जुना अ‍ॅडॉप्टर नॅसचं साधं काम निभावतो, पण सगळ्या डिस्क एकदम फिरायला लागल्या की त्याला भार पेलत नाही आणि नॅस क्षणभर बंद पडतो. झोपेतून उठतानाच नॅस रीस्टार्ट होत असेल तर हे नक्की तपासा. अचानक बंद पडल्यावर नॅस बऱ्याचदा रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क मिळून चालवण्याची रचना) तपासायला घेतो, त्यात कित्येक तास जातात आणि तोवर सगळं संथ चालतं. त्याला ते पूर्ण करू द्या. युपीएस लावणार असाल तर त्याची यूएसबी केबलही नॅसला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतः नीट बंद होतो. ती केबल खोक्यातच पडून राहिलेली मी अनेकदा पाहिली आहे.

खरोखरच डिस्क असेल तर

हे सगळ्यात शेवटी ठेवलंय, पण यात हयगय नको. नॅसमध्ये प्रत्येक डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, दिसते. क्रमांक ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्याने वाट पाहणारे, १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले. शून्यावरून एखाद-दुसरा आकडा होणं हा इशारा आहे, आठवड्यागणिक वाढत जाणं म्हणजे डिस्क बदलण्याची वेळ. १९९ वेगळा आहे: तो डिस्क आणि नॅस यांच्यातल्या जोडणीत आलेल्या चुका मोजतो. डिस्क काढून नीट बसवल्यावर तो वाढायचा थांबला तर प्रश्न सुटला, कारण हा आकडा कधीच कमी होत नाही.

सगळ्या डिस्क तंदुरुस्त दाखवत असूनही एखादी वारंवार रेडमधून बाहेर फेकली जात असेल, तर ती नॅससाठी बनलेली आहे का पाहा. नॅसच्या डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर साधारण ७ सेकंदांत हार मानून तसं कळवतात, मग रेड ती माहिती दुसऱ्या डिस्कवरून घेतं. डेस्कटॉपची डिस्क तोच सेक्टर वाचायला मिनिटभर किंवा जास्त झगडत बसते. लिनक्स मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंद थांबतो आणि डिस्क मेली असं समजतो. त्या वेळात नॅस गोठल्यासारखा होतो.

दुसरा मुद्दा एसएमआर डिस्कचा. यात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. वाचताना फरक जाणवत नाही, पण सतत लिहिताना वेग कोसळतो, आणि रेड नव्याने बांधताना तर फारच. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने २ ते ६ टेराबाइटच्या 'रेड' (Red) या नावाने विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्ये हे तंत्र असल्याचं मान्य केलं. त्यानंतर 'रेड प्लस' हे सीएमआर तंत्राच्या, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या, डिस्कचं वेगळं नाव आलं. नवी डिस्क घेताना कंपनीच्या माहितीपत्रकात सीएमआर लिहिलंय का ते पाहा.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क बदलून रेड बांधायला घेण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या यूएसबी डिस्कवर काढा. उरलेल्या डिस्कवर सगळ्यात जास्त ताण त्याच तासांत येतो.

करू नये अशी 'दुरुस्ती'

घरात नॅस दिसत नाही म्हणून राउटरमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून आत येण्याची वाट) उघडून बाहेरून जोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीच्या हल्ल्यांनी इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप उपकरणांतल्या फाइली कुलूपबंद केल्या. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या माय बुक लाइव्ह उपकरणांवरचा डेटा बाहेरूनच पुसला गेला. राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद ठेवा, बाहेरून लागलंच तर राउटरवरचा व्हीपीएन वापरा.

तरीही सुटलं नाही तर

एक कागद नॅसजवळ ठेवा. गायब झाला की तारीख आणि वेळ लिहा, पिंग लागलं का, राउटरमध्ये कोणता पत्ता दिसला, केबलचा दिवा कसा होता, आणि त्या वेळी काय चालू होतं. तीन-चार नोंदींत क्रम दिसू लागतो. रोज ठरावीक तासाला होत असेल तर नॅसमधली वेळापत्रकं पाहा: रात्रीची डिस्क चाचणी, रेडची तपासणी, ठरवून ठेवलेलं बंद-चालू. शेकडो फोटो चढवल्यावर होत असेल तर छोटी चित्रं आणि चेहऱ्यांची नोंद बनवण्यात प्रोसेसर गुंतलाय, ते काम रात्रीवर टाका. वीज आल्यावर होत असेल तर राउटर आणि नॅस एकदम चालू होतात आणि नॅस पत्ता मागतो तेव्हा राउटर तयार नसतो. नॅस थोडा उशिरा चालू करायचं सेटिंग असेल तर वापरा. उन्हाळ्यातल्या दुपारीच होत असेल तर तापमान आणि पंखा पाहा.

एका वेळी एकच बदल करा आणि आधी जितक्या दिवसांनी नॅस गायब व्हायचा त्याच्या दुप्पट दिवस थांबा. आठवड्याने जाणारा नॅस तीन दिवस टिकला, यावरून काहीच ठरत नाही. मदत मागायची वेळ आली तर हा कागद, नॅसचं मॉडेल, सिस्टीमची आवृत्ती आणि त्या तासाचा लॉग बरोबर द्या. लॉग पाठवण्याआधी त्यातले बाहेरचे आयपी पत्ते आणि खात्यांची नावं झाका.